सोन्याच्या पापुद्र्याचे थेंब: एकाच थराचे दोन तुकड्यांवर दोन वेगळे निकाल का?

सूक्ष्मतारा

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं मी सिलिकॉनच्या नॅनोवायर वाढवते आहे. जाडी काही दहा नॅनोमीटर आणि लांबी त्याच्या शेकडो पट, अशा ह्या तारा. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) तारांबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण तार उगवण्याआधी जो धातूचा थेंब लागतो त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझं घोडं सध्या त्या थेंबापाशीच अडलंय. प्रश्न शेवटी आहे. पार्श्वभूमी थोडी सविस्तर देते, म्हणजे ह्या विषयाशी संबंध नसलेल्यांनाही सोबत येता येईल.

१९६४ साली बेल लॅब्जमध्ये वॅग्नर आणि एलिस यांनी दाखवलं की सिलिकॉनच्या पृष्ठभागावर सोन्याचा कण ठेवून तापवलं आणि वरून सिलिकॉन असलेला वायू सोडला, तर त्या कणाच्या खालून सिलिकॉनचा स्फटिक तारेसारखा वर येतो. कण तारेच्या डोक्यावर बसून वर चढत जातो. त्यांनी ह्या वाटेला बाष्प-द्रव-घन असं नाव दिलं: वायूतून सिलिकॉन थेंबात शिरतं, थेंब त्याने भरून जातो, आणि जास्तीचं सिलिकॉन खालच्या बाजूने घन होऊन बाहेर पडतं.

सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सिअसला आणि सिलिकॉन १४१४ ला. पण दोघं एकत्र आले की ३६३ अंशांनाच द्रव होतात. ह्याला युटेक्टिक बिंदू म्हणतात. त्या मिश्रणात दर शंभर अणूंमागे साधारण १९ सिलिकॉनचे असतात. म्हणून ४५०-५०० अंशांच्या भट्टीत, जिथे नुसतं सोनं वितळणं शक्यच नाही, तिथे आपल्याला द्रव थेंब मिळतो.

आता हे थेंब येतात कुठून? एकेक कण उचलून ठेवणं अवघड. म्हणून सोपा मार्ग असा: निर्वात पात्रात सोन्याची वाफ करून सिलिकॉनच्या वेफरवर (पातळ चकतीवर) १ ते ५ नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा बसवायचा आणि तापवायचा. पापुद्रा आपोआप फाटतो आणि त्याचे थेंब होतात. आमच्या प्रयोगशाळेत ह्याला सगळे डीवेटिंग म्हणतात. अळवाच्या पानावरचं पाणी पसरत नाही, गोळा होतं, त्यातलाच प्रकार.

ह्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हा थर फाटताना बहुतेक वेळा वितळलेला नसतो. घन असतानाच फाटतो. पृष्ठभागावरचे अणू वितळणबिंदूच्या कितीतरी खाली सरकत असतात, आणि थर इतका पातळ असतो की तेवढं सरकणं पुरतं. थर सूक्ष्म दाण्यांचा बनलेला असतो. दोन दाणे जिथे भेटतात तिथे तापवल्यावर बारीक चर पडतो, आणि तीन दाणे भेटतात तिथे तो सगळ्यात खोल जातो. चर तळाला टेकला की भोक पडलं. मग भोकाच्या काठावरचं सोनं मागे सरकायला लागतं आणि काठाला साचून त्याचा वरंबा तयार होतो. भोकं मोठी होत एकमेकांना भिडतात, मधे वरंब्यांची जाळी उरते, आणि शेवटी त्या लांबट वरंब्यांचे तुकडे पडून थेंब होतात.

हे झालं सिलिकॉनवर ऑक्साइड (ऑक्सिजनशी संयोग होऊन धरलेला पातळ थर) असताना. ऑक्साइड नसेल तर गोष्ट वेगळी. सोनं सरळ सिलिकॉनला टेकलेलं असतं, त्यामुळे ३६३ अंश ओलांडले की ते खालच्या वेफरमधूनच सिलिकॉन ओढून घेतं आणि द्रव होतं. थेंबाखाली वेफरला चक्क खड्डा पडतो. तारा वेफरच्या स्फटिकाला धरून सरळ उभ्या हव्या असतील तर हीच वाट हवी, कारण ऑक्साइडवर उगवलेल्या तारेला खालच्या स्फटिकाची दिशा कळत नाही आणि ती वाटेल तशी तिरकी जाते.

आता माझा प्रश्न. एकाच वेफरचे दोन तुकडे. दोन्ही एकत्र हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवून ऑक्साइड काढला. दोन्ही एकाच वेळी निर्वात पात्रात गेले, दोन्हीवर २ नॅनोमीटर सोनं एकाच वेळी बसलं. पहिला तुकडा त्याच संध्याकाळी भट्टीत टाकला: थेंब जवळपास एकसारखे, तारा बहुतेक उभ्या. दुसरा तुकडा भट्टी रिकामी नसल्याने झाकणाच्या डबीत ठेवला आणि आठवड्याने भट्टीत टाकला. भट्टीचं तापमान, वायू, वेळ सगळं तेच. तरी थेंब वेडेवाकडे, कित्येक ठिकाणी पापुद्रा न फाटता तसाच, आणि ज्या तारा आल्या त्या वाकड्या, मधेच दिशा बदललेल्या.

सोनं तर गंजत नाही. मग आठवड्यात बदललं काय?

———

ओंजळ

फार छान लिहिलंय. माझा ह्या विषयाशी काडीचा संबंध नाही, पण वरंब्यापर्यंत सगळं कळलं. वाचनखूण साठवली आहे.

एक शंका. घन सोनं आपणहून गोळा का होतं? दागिना उन्हात ठेवला तर त्याचा गोळा होत नाही ना.

———

फळ्यासमोर

ओंजळ, प्रश्न अगदी मुळाचा आहे. उत्तर दोन भागांत देतो: गोळा व्हायला कारण काय, आणि व्हायला वेळ किती.

कारण पृष्ठऊर्जा. सोन्याच्या आतल्या अणूला सगळीकडून शेजारी असतात, पृष्ठभागावरच्याला एका बाजूने नसतात. म्हणून पृष्ठभाग असणं हेच धातूला महाग पडतं. पातळ पापुद्रा म्हणजे जवळपास सगळा पृष्ठभागच.

सूक्ष्मतारा यांच्या २ नॅनोमीटर थराचा हिशेब करून बघू. समजा त्याचे २० नॅनोमीटर त्रिज्येचे अर्धगोल थेंब झाले. एका अर्धगोलाचं आकारमान सुमारे १६,७५५ घन नॅनोमीटर. थराची जाडी २, म्हणजे एका थेंबाने सुमारे ८,४०० चौरस नॅनोमीटर भागातलं सोनं गोळा केलं. आधी एवढ्या भागावर सोन्याचा ८,४०० चौरस नॅनोमीटर उघडा पृष्ठभाग होता. अर्धगोल झाल्यावर तो उरला सुमारे २,५००. तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी! आणि वेफरशी चिकटलेला भाग ८,४०० वरून १,२५० वर आला. ऑक्साइडला सोनं फारसं धरत नाही, त्यामुळे तेही सोन्याच्या फायद्याचंच. गोळा होण्यात केवढी बचत आहे बघा.

ह्याच हिशेबातून थेंबांची गर्दीही कळते: एका चौरस मायक्रोमीटरमध्ये १२० च्या आसपास थेंब, एकमेकांपासून साधारण ९० नॅनोमीटरवर. वेफरचा जवळपास ८५ टक्के भाग उघडा पडतो.

आता वेळ. दागिन्यालाही गोल व्हायला 'आवडेल', पण त्यासाठी अणूंना मिलिमीटरभर प्रवास करावा लागेल. इथे प्रवास काही दहा नॅनोमीटरचा. पृष्ठभागावरून अणू सरकून आकार बदलायला लागणारा वेळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर दहापट झालं तर वेळ दहा हजार पट. म्हणून पापुद्रा भट्टीत मिनिटांत फाटतो आणि दागिना पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो.

———

ओंजळ

दहा हजार पट! आता कळलं. धन्यवाद सर.

———

चकमक

वाचतोय. सूक्ष्मतारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सोपं वाटतं. थेंबाचा व्यास थराच्या जाडीच्या ५/३ घातात वाढतो असं सूत्र आहे. दुसऱ्या तुकड्यावर सोनं थोडं जाड बसलं असेल. वाफेच्या स्रोतापासून अंतर किंवा कोन वेगळा असला तरी फरक पडतो.

———

धातुवेध

चकमक, ते सूत्र बरोबर आहे पण ते ह्या ठिकाणचं नाही. ते द्रव थराचं आहे.

अतिपातळ द्रव थर दोन प्रकारे फुटतो. एक म्हणजे धूळ किंवा खोट असेल तिथे भोक पडून. दुसरा म्हणजे थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांमधलं आकर्षण पृष्ठताणाला भारी पडतं आणि सगळा थर एकदम लाटांनी थरथरून फुटतो. ह्या दुसऱ्या प्रकारात लाटेची लांबी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि त्यातून आकारमान जुळवलं की ५/३ येतो. नॅनोसेकंदाचा लेझर मारून धातूचा थर क्षणभर वितळवतात तेव्हा हे चांगलं दिसतं.

भट्टीत सावकाश तापवलेल्या घन थराला असा स्वच्छ नियम नाही. तिथे भोकं कुठे पडायची हे दाणे ठरवतात. दाणे केवढे, ते कसे बसलेत, किती वेगाने तापवलं, कोणत्या वायूत तापवलं, सगळं येतं त्यात. जाडी वाढली की थेंब मोठे आणि विरळ होतात एवढं नक्की. पण घात अमुकच येईल असं धरून चालू नये.

शिवाय २ नॅनोमीटर सोनं म्हणजे सलग पापुद्रा असतो असंही समजू नका. ऑक्साइडवर सोनं पहिल्यापासून बेटाबेटांनीच वाढतं. बेटं वाढत जातात, एकमेकांना चिकटतात, मग नागमोडी जाळी होते आणि त्यानंतर कुठे भोकं बुजून थर सलग होतो. जाडी मोजणारं क्वार्ट्झचं यंत्र फक्त वजन पाहतं आणि त्यावरून सरासरी जाडी सांगतं. '२ नॅनोमीटर' हा आकडा त्या सरासरीचा.

मूळ प्रश्नाबद्दल मला एक शंका आहे. आधी दोन गोष्टी सांगा. आम्लात बुडवल्यापासून निर्वातात जाईपर्यंत किती वेळ गेला? आणि भट्टीत टाकण्याआधी दुसऱ्या तुकड्यावर काही प्रक्रिया केली का, की डबीतून काढून तसाच टाकला?

———

सूक्ष्मतारा

@चकमक, तुकडे शेजारी शेजारी होते आणि धारकही फिरता होता, त्यामुळे जाडीत फरक फारच थोडा असावा. कडेच्या ओरखड्यावर मोजून पाहिलं, दोन्हीकडे सारखंच आलं.

@धातुवेध काका, आम्लातून काढून नायट्रोजनने वाळवून निर्वातात जाईपर्यंत दहा-बारा मिनिटं. दोन्ही एकत्रच गेले. आणि हो, दुसरा तुकडा डबीतून काढला आणि तसाच भट्टीत टाकला. वर सोनं आहे, त्याला काय करायचं असं वाटलं.

———

कोळसेवाला

मी कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) बाजूचा माणूस, आमच्याकडे सोन्याऐवजी लोखंड. पण हा धागा वाचताना पानोपानी ओळख पटली.

आमच्याकडे साधारण १ नॅनोमीटर लोखंडाचा थर देतात, त्याचेही तापवल्यावर कण होतात आणि प्रत्येक कणातून नळी वाढते. पण लोखंड सरळ सिलिकॉनवर दिलं तर खेळ खलास. ते सिलिकॉनमध्ये मुरतं, दोघांचं संयुग (सिलिसाइड) होतं, आणि कण राहतच नाहीत. म्हणून मधे ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) पातळ थर देतात. त्यामुळे लोखंड खाली जात नाही, आणि कण इकडेतिकडे सरकून एकमेकांत विरघळण्याचं प्रमाणही कमी होतं. २००४ साली जपानमध्ये केंजी हाता यांच्या गटाने अशाच कणांवर, वायूत अगदी थोडी पाण्याची वाफ मिसळून, दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंच नळ्यांचं रान उगवलं होतं. तो निकाल प्रसिद्ध झाला तो पाण्यामुळे, पण खालचा ॲल्युमिना नसता तर ते कण टिकलेच नसते असं माझं मत आहे.

मुद्दा असा की थेंब कसा होईल हे थेंबापेक्षा खालचा पृष्ठभागच जास्त ठरवतो. सूक्ष्मतारा, मला वाटतं तुमच्या डबीत काहीतरी बसलं असणार. प्लॅस्टिकच्या डब्यांतून सेंद्रिय वाफा येतात आणि सोन्यावर कार्बनची पुटं चढतात. तापवल्यावर ती जळत नाहीत, कारण भट्टीत हायड्रोजन असतो, ऑक्सिजन नसतो.

———

धातुवेध

कोळसेवाला यांचा कार्बनचा मुद्दा खरा आहे आणि तो तपासायलाच हवा. पण माझा मुख्य संशय दुसरीकडे आहे.

सूक्ष्मतारा, 'सोनं गंजत नाही' हे तुमचं वाक्य बरोबर. पण त्या सोन्यातून सिलिकॉन वर येतं. सोनं आणि स्वच्छ सिलिकॉन एकमेकांना टेकले की त्यांच्या सीमेवर सिलिकॉनचे बंध सैल पडतात आणि सिलिकॉनचे अणू सोन्यात शिरतात. खोलीच्या तापमानालाही. विशेषतः दाण्यांच्या सीमांमधून ते वर चढतात. वर हवा आहेच. तिथे त्यांचा ऑक्साइड होतो. १०० ते २०० अंशांना हा प्रकार झपाट्याने होतो. थर दोनच नॅनोमीटर असेल तर खोलीच्या तापमानालाही आठवडा म्हणजे भरपूर वेळ आहे.

म्हणजे दुधावर साय धरावी तशी तुमच्या सोन्यावर सिलिकॉन ऑक्साइडची साय धरली आहे. दिसणार नाही, रंग बदलणार नाही, पण भट्टीत तीच आडवी येते. सोन्याचा उघडा पृष्ठभागच उरला नाही तर अणू सरकणार कुठून? जिथे साय पातळ किंवा तुटकी, तिथे थर फाटतो. जिथे अखंड, तिथे पापुद्रा तसाच राहतो. तुम्ही वर्णन केलंय ते अगदी हेच. आणि वाकड्या तारांचंही तेच कारण: थेंबावर सायीचा तुकडा एका बाजूला राहिला तर सिलिकॉन दुसऱ्या बाजूने जास्त शिरतं, थेंब कलतो, तार दिशा बदलते.

तपासायचा उपाय सोपा. तसाच आठवडाभर ठेवलेला तुकडा घ्या. अर्धा तसाच भट्टीत टाका. उरलेला अर्धा भट्टीत टाकण्याआधी लगेच पातळ हायड्रोफ्लुओरिक आम्लात काही सेकंद बुडवा, धुवा, वाळवा, आणि वेळ न घालवता आत घाला. अर्धे अर्धे एकाच फेरीत गेले तर भट्टीवर संशय राहत नाही. कार्बन असेल तर आम्लाने तो जात नाही, त्यामुळे कोळसेवाला आणि मी यांच्यात कोण बरोबर हेही कळेल.

दोन सूचना. ज्या भांड्यात आधी हायड्रोजन पेरॉक्साइड होतं ते ह्या कामाला घेऊ नका. त्याचा अंश राहिला तर सोन्याखालचं सिलिकॉन झपाट्याने खाल्लं जातं, तारांसाठी खड्डेच खड्डे मिळतील. आणि हे आम्ल कुणीही हलक्यात घेऊ नये. पातळ असलं तरी ते त्वचेतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही, एकट्याने काम करायचं नाही, काचेचं भांडं वापरायचं नाही. तुम्हाला हे माहीत असणार, पण धागा इतरही वाचतात.

———

दुपारची_उन्हं

मी चित्रकार, इथे रंगासाठी आले. सूक्ष्मतारा, तुम्ही थराचा रंग सांगितला नाहीत. सोन्याचा पातळ वर्ख प्रकाशासमोर धरला की हिरवट निळा दिसतो, हे मी पाहिलंय. थेंब झाल्यावर काय होतं?

———

सूक्ष्मतारा

दुपारची_उन्हं, सिलिकॉन अपारदर्शक असल्याने त्यावर आरपार काही दिसत नाही, पण सोबत ठेवलेल्या काचेच्या तुकड्यावर दिसतं. थर दिल्यावर काच निळसर असते. तापवून थेंब झाले की गुलाबी होते. सुटे थेंब प्रकाशातला हिरवा भाग शोषतात, कारण त्यातले इलेक्ट्रॉन त्या लयीत डोलतात. मी आजही प्रत्येक फेरीला काचेचा तुकडा ठेवते. सूक्ष्मदर्शकाची पाळी मिळायच्या आधीच थर फुटला की नाही ते डोळ्यांना कळतं.

आणि हे पहिल्यांदा मायकेल फॅरडे यांनी नोंदवलं होतं. १८५७ साली. काचेवर बसवलेला सोन्याचा वर्ख तापवला तर त्याचा हिरवा रंग जातो आणि तो जवळपास पारदर्शक होतो, मग अकीकाच्या दगडाने दाबून घासला की हिरवा परत येतो! तेव्हा इलेक्ट्रॉन माहीत नव्हता, असा सूक्ष्मदर्शकही नव्हता, आणि तरी त्यांना कळलं होतं की सोनं कुठेही गेलेलं नाही, फक्त त्याची मांडणी बदलली आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते.

———

दुपारची_उन्हं

किती सुंदर. दाबल्यावर रंग परत येतो हे वाचून अंगावर काटा आला.

———

चकमक

धातुवेध, सूत्राबद्दलची दुरुस्ती मान्य, आभार. अजून एक विचारतो. सोन्यावरच एवढा भर का? सिलिकॉनमध्ये सोनं गेलं की इलेक्ट्रॉनिक्सचं वाटोळं होतं असं ऐकलंय.

———

धातुवेध

बरोबर ऐकलंय. सोन्याचे अणू सिलिकॉनमध्ये वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनसारख्या वाहकांना ऊर्जेच्या मधल्या पायरीवर अडकवतात, म्हणून चिप बनवणाऱ्या कारखान्यात सोन्याला प्रवेश नसतो. तरी संशोधनात सोनं टिकून आहे, कारण ते हवेत ऑक्साइड धरत नाही, सिलिकॉनशी टिकाऊ संयुग करत नाही, फार उडून जात नाही, आणि ३६३ अंशांचा युटेक्टिक देतं. एवढे गुण एका धातूत दुसरीकडे मिळत नाहीत. ॲल्युमिनियमचा युटेक्टिक ५७७ ला आहे, पण थर हवेत आला की क्षणात ऑक्साइड. निर्वात न मोडता थर देऊन लगेच तारा वाढवल्या तर जमतं. २००६ मध्ये अशा तारा युटेक्टिकच्याही खाली, म्हणजे धातू घन असताना, वाढवून दाखवल्या गेल्या. गॅलियम आर्सेनाइड ह्या दुसऱ्या अर्धवाहकाच्या तारांना तर परका धातू लागतच नाही, गॅलियमचाच थेंब चालतो. तो साधारण ३० अंशांनाच वितळतो.

———

ओंजळ

एक शेवटची शंका. सगळे थेंब एकसारखे झाले तरी भट्टीत तसेच राहतात का? पावसाचे थेंब खिडकीवर एकमेकांत मिसळतात तसं होत नाही?

———

फळ्यासमोर

होतं, आणि मिसळायला एकमेकांना शिवावंही लागत नाही. थेंबाच्या आत पृष्ठताणामुळे दाब असतो आणि थेंब लहान तितका दाब जास्त. २० नॅनोमीटर त्रिज्येच्या सोन्याच्या थेंबात तो हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट भरतो. त्यामुळे लहान थेंबातले अणू बाहेर पडायला जास्त उतावीळ असतात. ते पृष्ठभागावरून सरकत मोठ्या थेंबाला जाऊन मिळतात. लहान आटत जातो, मोठा फुगत जातो. जास्त वेळ तापवलं तर थेंब मोजके आणि मोठे उरतात ते ह्यामुळे.

तार वाढत असतानाही हे थांबत नाही. २००६ साली अतिनिर्वातात, वाढ चालू असताना, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं की सोनं तारेच्या अंगावरून उतरून दुसऱ्या तारेच्या थेंबाकडे जातं. ज्याचं सोनं जातं ती तार निमुळती होत संपते. सिलिकॉनच्या भिंती स्वच्छ असतील तर सोन्याला रस्ता मोकळा असतो.

आणखी एक. फार लहान थेंबातून तार येतच नाही. तिथे वायूतून सिलिकॉन आत यायची ओढ ह्या दाबामुळे कमी पडते. म्हणून बारीक तारा जाड तारांपेक्षा सावकाश वाढतात.

माझ्या आधीच्या हिशेबात एक भर: सोन्याच्या थेंबात सिलिकॉन शिरलं की तो फुगतो. ८१ अणूंमागे १९ येतात, म्हणजे आकारमान साधारण पाव पटीने वाढतं, पण त्रिज्या जेमतेम ७-८ टक्क्यांनी. तारेची जाडी ठरवताना ते धरावं.

———

कोळसेवाला

सर, थेंब एकसारखे हवेतच तर आधीपासून जागा ठरवून द्यायची सोय आहे. सिलिकॉनवर रांगेत उलटे पिरॅमिडसारखे खड्डे कोरायचे आणि वर थर द्यायचा. जाडी आणि खड्ड्यांचं अंतर जुळलं तर एका खड्ड्यात एकच कण जमतो. २००५ मध्ये सोन्याच्या थरावर हे करून दाखवलं गेलंय. नुसत्या सपाट वेफरवर थेंबांच्या जागा दाण्यांच्या मर्जीवर सोडाव्या लागतात.

———

सूक्ष्मतारा

मंडळी, निकाल घेऊन आले आहे.

धातुवेध काकांनी सांगितलं तसंच केलं. नवीन तुकडा, २ नॅनोमीटर सोनं, आठवडाभर त्याच डबीत. मग दोन अर्धे. एक तसाच, दुसरा पातळ आम्लात बुडवून, धुवून, पाच मिनिटांत भट्टीत. दोन्ही एकाच फेरीत, शेजारी शेजारी.

तसाच टाकलेला अर्धा पुन्हा तसाच बिघडला. पापुद्र्याचे न फाटलेले ठिगळ, मधे वेडेवाकडे थेंब, तारा पिंजारलेल्या. आम्लातून गेलेल्या अर्ध्यावर थेंब भरले आहेत आणि तारा उभ्या आहेत! पहिल्या दिवशीच्या तुकड्याच्या जवळ जाणारं चित्र आहे. आकारात थोडी जास्त विषमता दिसते. ती कदाचित कोळसेवाला यांच्या कार्बनची असेल. पुढची फेरी काचेच्या झाकणपेटीत ठेवून करणार आहे, म्हणजे तेही वेगळं काढता येईल.

मी दोन महिने भट्टीचे वायू बदलत होते. साय सोन्यावर होती.

काका, आता एक नवीन दिसतंय. आम्लातून गेलेल्या अर्ध्याच्या कडेला तारा बुंध्याशी जाड आणि टोकाला निमुळत्या आहेत, मधल्या भागात नाहीत. फळ्यासमोर सरांनी सांगितलेलं सोन्याचं सरकणं की भिंतींवर वायूतून सरळ बसलेलं सिलिकॉन?

———

धातुवेध

फार आनंद झाला. दोन्ही कारणांनी तार निमुळती होते, पण वेगळं ओळखता येतं. टोकावरचा थेंब मोजा. मधल्या तारांच्या थेंबाएवढाच असेल तर सोनं गेलेलं नाही, भिंतींवर सिलिकॉन चढलंय. कडेला तापमान थोडं जास्त असेल तर तसं होतं. तेव्हा तापमान २०-३० अंश उतरवून बघा. थेंब लहान झालेला असेल तर सोनं गेलंय, मग वायूचा दाब वाढवून भिंती झाकल्या जातात का ते पाहावं लागेल. मोजून सांगा.

———

सूक्ष्मतारा

सूक्ष्मदर्शकाची पाळी गुरुवारी आहे. कडेच्या पन्नास आणि मधल्या पन्नास तारांचे थेंब मोजून इथेच टाकते.